चमचमाटाचा आवाज

माध्यमिक शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या मराठी व्याकरणाच्या अखेरीस, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचे ताफे निघून गेल्यावर, ‘ध्वनिदर्शक शब्द’ नावाची एक यादी येते. आणि तीत पानांची सळसळ, नाण्यांचा खणखणाट, पैंजणांची छुमछुम, रक्ताची भळभळ अशी मंडळी एका रांगेत शिस्तीने उभी असताना त्यांच्या शेजारी, कोणाच्याही परवानगीवाचून, ‘तारकांचा चमचमाट’ही उभा असतो. गडचांदूरला येण्यापूर्वी मी ही यादी कृष्णाकाठच्या एका गावी काही वर्षे बिनदिक्कत पाठ करून घेतली होती, आणि तेथील एकाही विद्यार्थ्याला, किंवा खरे सांगावयाचे तर मलाही, तिच्यात काही वावगे दिसले नव्हते. गडचांदूरच्या पहिल्याच वर्षी मात्र मागच्या बाकावरील एक मुलगी उठली, आणि घरी तेलुगू बोलणारी मुले मराठी बोलताना जो किंचित सावध, शब्द मोजून टाकल्यासारखा स्वर लावतात त्या स्वरात तिने विचारले, “सर, चांदण्यांचा आवाज येते का जी?” वर्ग हसला. मीही हसलो; उत्तर ठाऊक नसलेल्या शिक्षकाला हसण्याइतका सोयीचा शेरा दुसरा नसतो.

हा प्रश्न कृष्णाकाठी न निघता येथेच का निघाला, हे समजण्यासाठी या मुलखाची थोडी कैफियत दिली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातले, माणिकगडच्या डोंगरांच्या अलीकडे वसलेले हे गाव ज्या राजुरा भागात पूर्वी मोडत असे, तो भाग निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेडकडे गेला आणि १९५९ साली नांदेडकडून तेव्हाच्या चांदा जिल्ह्याकडे आला. सरहद्दी अशा दफ्तरातल्या दफ्तरात सरकत राहिल्या, माणसे जागची हलली नाहीत. आणि पुढे जमिनीखालच्या चुनखडीने सिमेंटचे कारखाने ओढून आणले तेव्हा त्यांच्याबरोबर देशाच्या चारी कोपऱ्यांतले कामगारही आले. परिणामी गडचांदूरच्या बस स्थानकावर अर्धा तास बसणाऱ्याच्या कानावर वऱ्हाडी वळणाची मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लमाणांची गोरमाटी आणि कारखान्याची हिंदी एवढ्या भाषा, तिकीट न काढता, येऊन जातात. आर्य आणि द्राविड या दोन भाषाकुळांची शिवण जेथून जाते असे पुस्तकांत म्हटलेले असते, ती शिवण येथे एकेका वर्गाच्या बाकांमधून जाते.

त्या मुलीच्या प्रश्नाची धास्ती घेऊन मी पुढच्या तासाला सोपा विषय काढला, कोंबडा. कोंबडा काय म्हणतो? मराठी घरांतील मुलांनी ‘कुकूच कू’ म्हटले, बिहारी कामगाराच्या मुलाने ‘कुकडूकू’ म्हटले, तेलुगू घरांतून ‘कोक्कोरोको’ आले. आणि मी माझ्या विद्वत्तेचा भाग म्हणून फ्रेंचांचा ‘कोकोरिको’, जर्मनांचा ‘किकेरिकी’ आणि जपान्यांचा ‘कोकेकोक्को’ त्यांत मिसळून दिले. तेलुगू कोंबडा आणि फ्रेंच कोंबडा यांचे सूत मराठी व फ्रेंच कोंबड्यांपेक्षा अधिक जुळते हे पाहून वर्गाला फार आनंद झाला. परंतु कोंबड्याने प्रश्न सुटत नव्हता. कोंबडा निदान ओरडतो तरी. चांदणी काय करते?

प्राचीनांनी या बाबीचा विचार केला नव्हता असे नाही. पक्ष्यांची नावे त्यांच्या ओरडण्यावरून पडतात की नाही, याविषयी यास्काच्या निरुक्तात मतभेद नोंदलेला आहे. आणि पाणिनीने ज्या आवाजात वर्ण वेगळे ऐकू येत नाहीत अशा आवाजाच्या नकलेला ‘अव्यक्तानुकरण’ असे नाव देऊन तिच्यासाठी ‘डाच्’ नावाचा एक स्वतंत्र प्रत्ययही राखून ठेवला. त्या प्रत्ययाने ‘पटपटा करोति’ असा प्रयोग सिद्ध होतो, म्हणजे पटपट असा आवाज करतो. आता मराठीत या ‘पटपट’चे काय झाले ते पाहावे. मराठी आई मुलाला पटपट जेव म्हणते, तेव्हा जेवताना आवाज कर असे ती सांगत नसते, किंबहुना केल्यास रागावते. आवाज केव्हाच गळून पडला आणि वेग मागे राहिला. पटकन, चटकन, झटकन ही सगळी याच वाटेने गेलेली. आणि ज्यांनी कधी आवाज केलाच नाही अशा गोष्टींनाही मराठीने आवाज बहाल केले आहेत: डोळ्यांत टचकन पाणी येते, काळजात चर्र होते, पोटात धस्स होते, उजेड लख्ख पडतो. यांतले कोणते कानाने ऐकू येते? ‘किर्र अंधार’ हा शब्दप्रयोग तर मला मराठीच्या प्रतिभेची सनदच वाटतो. रातकिड्यांचा आवाज घेऊन तो काळोखाला चिकटवून दिला, आणि तो इतका पक्का बसला की आता रातकिडा एकही नसला तरी अंधार किर्रच असतो. तसाच ‘शुकशुकाट’, ज्या रस्त्यावर शुक शुक करून हाक मारावी असा माणूसही उरलेला नाही, त्या रस्त्याच्या निःशब्दतेला आपण त्याच हाकेचे नाव दिले आहे.

घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला यांतले काही नवीन नव्हते, हे मला पुष्कळ पुढे, थोडी तेलुगू कानावरून गेल्यावर, कळले. तिच्या भाषेत थेंब ‘चिटपट’ पडतात, पाणी ‘गलगल’ वाहते, अंग थंडीने ‘गजगज’ कापते आणि घासलेले भांडे ‘तळतळ’ चमकते. यांतील शेवटचा शब्द ऐकून मराठी माणूस दचकेल, कारण आपल्याकडे तळतळाट हा कोणाच्या तरी पोटातून निघालेला शाप असतो. शिवणीच्या एका बाजूला जे भांड्याचे तेज ते दुसऱ्या बाजूला दुखावलेल्या जिवाची आग. तेव्हा प्रकाशाला आवाजाचे रूप देण्याची रीत तिच्या घरातही होतीच. मराठीतला चमचमाट तिला परका होता, म्हणून तिला त्याचा आवाज ऐकावासा वाटला, आणि मला तो आपला होता म्हणून कधी ऐकावासा वाटला नव्हता.

ही रीत दोन्ही कुळांत सारखीच कशी, याचा शोध ज्यांनी घेतला त्यांतील एकाचा या मुलखाशी जवळचा संबंध आहे. मरे एमेनो हा कॅनडात जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात शिकविणारा भाषापंडित. त्याने १९५६ साली भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, म्हणजे कुळे निराळी असूनही येथल्या भाषा शेजाराने एकमेकींसारख्या झाल्या आहेत, असा सिद्धान्त मांडला आणि १९६९ साली खास या अनुकरणवाचक शब्दांवर निबंध लिहून तोच सिद्धान्त पुढे चालविला. मूळ सिद्धान्ताच्या आदल्या वर्षीच, १९५५ साली, त्याचे कोलामी भाषेवरचे पुस्तक निघाले होते. त्यासाठी वर्ध्याकडील कोलामी त्याने स्वतः टिपून घेतली होती. आदिलाबादकडील कोलामीसाठी मात्र तो एका मराठी माणसाच्या व्याकरणावर विसंबला. तो माणूस म्हणजे सेतुमाधवराव पगडी. इतिहासकार पगडी, उर्दू काव्य मराठीत आणणारे पगडी, गॅझेटियरचे संपादक पगडी हे आपल्याला ठाऊक असतात. हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीत असताना गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिणारे पगडी मात्र आपण कोठेतरी गहाळ केले आहेत. त्यांचे कोलामीचे व्याकरण १९५० साली प्रसिद्ध झाले. ज्या भाषेला कचेरीत कोणी विचारीत नव्हते तिच्यासाठी कचेरीतल्याच एका अंमलदाराने हे श्रम घेतले, याबद्दल मला त्यांच्या सर्व ऐतिहासिक ग्रंथांहून अधिक आदर वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी क्षमा करावी.

परंतु मला बोलावयाचे आहे ते वासाविषयी. प्रकाशापर्यंत आपण आलोच आहोत. आवाजाचे कपडे घालून मराठीत आणखी कोण वावरते असे पाहू लागलो, आणि एके दिवशी शेजारच्या तेलुगू घरातून साजूक तुपाच्या फोडणीचा वास आला तेव्हा त्या घरातील अम्मांनी वापरलेला शब्द मी प्रथमच नीट ऐकला: ‘घुमघुम’. आपला तो घमघमाट! कानडीत तो ‘घमघम’, तमिळात ‘कमकम’ होतो, आणि थोड्या निराळ्या अक्षरांनी हिंदीत ‘महमह’. म्हणजे विंध्यापासून खाली समुद्रापर्यंत जेथे जेथे सुवास सुटतो तेथे तो दोनदा उच्चारलेल्या, घंटेसारख्या घुमणाऱ्या अक्षरांनीच सुटतो. नाकाला स्वतःची नक्कल करता येत नाही. कोंबड्याच्या आरवण्याची नक्कल तोंडाने करता येते, फोडणीच्या वासाची कशी करणार? तेव्हा नाकाने कानाकडून उसनवारी केली; आणि ती अशा बेमालूम रीतीने केली की कर्जाची नोंद कोणत्याच व्याकरणात सापडत नाही.

शास्त्राने तर नाकाला फारच थोडे दिले आहे. तैलंगणी पंडित अन्नंभट्ट यांच्या तर्कसंग्रहात रंग सात, रस सहा सांगितले आहेत. गंध मात्र दोनच, सुरभी आणि असुरभी, म्हणजे चांगला आणि वाईट. शब्दाचेही त्याने दोनच प्रकार केले, हे खरे, पण त्यांतील एकात सारी वर्णमाला मावते. गंधाच्या वाट्याला वर्णमालाही आली नाही. आणि हे दोन प्रकारही एका जागी टिकत नाहीत. संस्कृतातील घ्राण म्हणजे वास घेणे व वास घेणारे इंद्रिय. प्राकृतातून मराठीत येता येता त्याची ‘घाण’ झाली, आणि इकडे विदर्भात ती ‘घान’ म्हणून सुटते. कानडीत ‘कंपु’ म्हणजे सुगंध, तोच शब्द तेलुगूत दुर्गंध. जुन्या तमिळात ‘नाट्रम्’ फुलांना येत असे, आता तो गटाराला येतो. चांगल्याचे वाईट होण्याचीच उदाहरणे मला सापडली, वाईटाचे चांगले झाल्याचे एकही सापडले नाही. नाक हे बहुधा अन्य इंद्रियांपेक्षा लवकर तक्रार अर्ज करणारे असावे.

मराठीने या दोन खणांच्या कपाटात किती सामान कोंबले आहे, ते मात्र पाहण्यासारखे आहे. कुबट, कोंदट, खवट, उबट, धुरकट. करपटाण, जळकटाण, ओशटाण, मुतराण. यांतला प्रत्येक शब्द आपले उगमस्थान नावातच वागवितो, त्यामुळे अंधाऱ्या घरातही नेमके काय बिघडले आहे ते मराठी गृहिणी दारातूनच सांगू शकते. याउलट आनंदाच्या वासांसाठी तिच्यापाशी खमंग, खरपूस, दरवळ, घमघमाट एवढीच घरची मिळकत. परिमळ, सौरभ ही मंडळी संस्कृताच्या वाड्यातून सणावारी बोलावून आणावी लागतात. आणि मग येतात ते दोन शब्द, ज्यांचे मला जन्मभर नवल वाटत आले आहे: ‘दर्प’ आणि ‘भपका’. दर्प म्हणजे संस्कृतात गर्व, मराठीत गर्वही आणि उग्र वासही. कोशकार त्याचा एक अर्थ कस्तुरी असाही देतात, तेव्हा वाट कदाचित तिकडून आली असेल. पण भपक्याला तर कस्तुरीचाही आधार नाही. लग्नाचा भपका आणि दारूचा भपका हे एकच, कारण दोन्ही समोरच्याची इच्छा न विचारता अंगावर येतात.

दारूचा विषय निघालाच आहे तर एक पंचनामा सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी होती, आणि त्या काळात एकदा, सुशिक्षित व घटनास्थळाजवळ सापडलेला इसम म्हणून, मला पंच व्हावे लागले. नाल्याच्या काठी मोहफुलांच्या सडव्याचे पिंप पुरलेले होते. पंचनाम्याचा मसुदा तयारच होता. त्यात सडव्याला ‘आंबट उग्र वास’ येत असून त्याची पंचांनी हुंगून खात्री केली, असे लिहिलेले होते. मी हुंगले. आंबटपणा होता, पण त्याखाली काहीसा गुळाच्या ढेपेचा, काहीसा ओल्या गोणपाटाचा, आणि त्याच्याही खाली एक उबदार, भाजक्या धान्यासारखा असा तिसराच वास होता. एवढे सगळे त्या दोन विशेषणांत बसत नाही असे मी नम्रपणे सुचविले, तेव्हा लिहिणारे गृहस्थ माझ्याकडे दयेने पाहून म्हणाले, “मास्तर, उग्रच राहू द्या. कोर्टात तेच चालते.” मी सही केली.

तो तिसरा वास मला ओळखीचा वाटत होता, आणि तो कोठला ते एका चैत्रात कळले. डोंगराकडच्या एका कोलामगुड्यातील वृद्धाशी माझा परिचय होता. त्यांच्याबरोबर पहाट होण्यापूर्वी मोहाखाली जाऊन उभा राहिलो. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली, आणि अंधारात फुले पडत होती, टप, टप, मध्ये पुष्कळ वेळ काही नाही, मग पुन्हा टप. त्या ताज्या फुलांचा वास मला प्रथम चक्क उंदराच्या बिळासारखा वाटला. तसे मी म्हणालो, तेव्हा बाबा हसले, आणि दुसऱ्या झाडाखालची मूठभर फुले आणून माझ्या नाकापुढे धरली. हे निराळे आहे, म्हणाले. मला दोन्ही सारखीच लागली. त्यांना कोणते फूल आज पडले, कोणते काल, कोणते वाळवल्यावर टिकेल आणि कोणते काळे पडेल, हे नाकाजवळ नेताच समजत होते, आणि समजून सांगण्यासाठी ते माझ्याशी मराठीत बोलत होते म्हणूनच, मला वाटते, ते अडत होते. मधूनच ते एखादा कोलामी शब्द टाकीत आणि मग, हा मास्तर त्याचे काय करणार असे वाटून, हाताने हवेतच पुसून टाकीत.

मलायाच्या द्वीपकल्पातील अरण्यात राहणाऱ्या जहाय लोकांविषयी आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्त यांनी २०१४ साली जे प्रसिद्ध केले, ते मी पुढे वाचले. जहाय भाषेत कोणत्याही एका वस्तूशी न बांधलेले असे डझनभर वासवाचक शब्द आहेत. एकच शब्द धुराला, पेट्रोलला आणि वटवाघळाच्या विष्ठेला लागतो, तर दुसरा एक त्या रक्तासारख्या वासाला लागतो जो वाघाला ओढून आणतो अशी त्यांची समजूत आहे. आपण जसे तांबडे, निळे म्हणतो तसे ते वासांची नावे घेतात, अडखळत नाहीत. आणि हे केवळ अरण्यात राहिल्याने होते असेही नाही. २०१८ साली मजीद यांनी त्याच भागातल्या दोन जवळच्या जमाती तपासल्या, तेव्हा शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या सेमाक बेरींना वासांची नावे रंगांइतकीच सहज घेता आली, शेती करणाऱ्या सेमेलाईंना ती आली नाहीत. नांगर धरला की नाकाचे शब्द झडतात की काय कोण जाणे. बाबांनी हवेत पुसून टाकलेले ते शब्द मी तेव्हाच विचारून ठेवावयास हवे होते; पगडींनी नक्की विचारले असते.

बाबांना मी मोठ्या उत्साहाने एक वार्ता मात्र सांगितली होती. कलकत्त्याचे रतनलाल ब्रह्मचारी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९० साली असे दाखविले, की वाघ आपली हद्द सांगण्यासाठी झाडांवर जो फवारा मारतो त्यात आणि सुवासिक तांदळात एकच गंधद्रव्य असते. आणि मोहाच्या फुलांतही तेच आहे, असे पुढे १९९६ साली त्यांनीच नमूद केले. आंबेमोहोर, बासमती, मोह आणि वाघ! आम्ही पश्चिमेकडची माणसे त्या वासाला आंब्याच्या मोहोराचे नाव देऊन मोकळे झालो, म्हणजे एका वासासाठी दुसरा वास जामीन ठेवला. (चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या प्रसिद्ध तांदळाला तर ‘एचएमटी’ हे त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे नाव मिळाले, तांदळाने निदान टिकटिक तरी करावयास हवी होती.) तेव्हा वाघाच्या वाटेवर शिजत्या भाताचा वास येतो हे खरे ना, असे मी बाबांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “भात रोज कोन शिजवते जी? आमी जवारी खातो.” वाघाचा वास त्यांना पक्का ठाऊक होता. भाताचा तेवढा नव्हता.

गेल्या ज्येष्ठात, शाळा उघडल्यावर, मी नववीच्या वर्गाला ‘पहिल्या पावसाचा वास’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. त्यापूर्वी अर्थातच प्रास्ताविक केले: विंदा करंदीकरांच्या एका संग्रहाचे नाव ‘मृद्गंध’ असून तो १९५४ सालचा आहे, इंग्रजीला मात्र या वासासाठी शब्द मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले, आणि तो शब्द बनविणाऱ्या बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते की उत्तर प्रदेशात हा वास मातीचे अत्तर म्हणून कुपीत भरून विकला जातो. मुलांनी माना डोलावल्या. बहुतेक वह्यांत मृद्गंध आला, दरवळला, आणि मी खाली सह्या करीत गेलो. एका वहीत, जिच्या मालकाचे वडील गवंडीकाम करतात हे मला ठाऊक होते, असे वाक्य निघाले: पहिला पाऊस आला की आमच्या गावाला नव्या घराचा वास येतो, तराई केल्यासारखा. मी नेहमीच्या सवयीने ‘नव्या घराचा’ याखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात ‘मृद्गंध’ असे दुरुस्त करून दिले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी खरा पाऊस आला. उन्हाळाभर कडुलिंबाच्या पानांवर, पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसून राहिलेली पांढरी धूळ पहिल्या दहा मिनिटांत खाली उतरली आणि पन्हाळीतून चुन्याच्या निवळीसारखे पाणी वाहू लागले. मी ओसरीवर उभा राहून, ज्याच्यावर मी इतके भाषण दिले होते तो वास घेण्यासाठी श्वास आत ओढला. माती कोठे तरी खाली असेल. वर जे आले ते थंड, चुनखट, किंचित धातूसारखे होते. प्लास्टर केलेल्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारताना बिनरंगाच्या, बिनदाराच्या खोल्यांतून जे येते, तेच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाकडे त्याची वही परत मागितली. तो उभा राहिला, खाली पाहत म्हणाला, “भिजली जी, सर. लाल शाई सारी पसरली.”